दुःख येतं कुठून?

शहापुरातल्या एखाद्या घरची मुलगी लग्न होऊन नांदायला गेली, की पुढचे काही दिवस त्या घरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, ‘करमत नाही.’ आई ते स्वयंपाकघरात म्हणते, आजी ओसरीवर बसून म्हणते. कॉलेजात जाणारा भाऊ तोंडाने काही बोलत नाही. तो मोबाइलवर स्टेटस ठेवतो, ‘फीलिंग सॅड’. नागपूर-भंडारा महामार्गावरच्या या गावाला इंग्रजी शब्दांचं अप्रूप नाही. शेजारी जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. शिफ्ट आणि ओव्हरटाइम हे शब्द इथली मुलं लहानपणापासून ऐकतात, आणि टेन्शन तर केव्हाच मराठी होऊन बसलंय. पण भावाने स्टेटसवर टाकलेला तो छोटासा शब्द मुळात दुःखाचा नव्हताच.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘सॅड’ म्हणजे पोट भरलेला, आकंठ जेवलेला, आता घासही नको असं म्हणणारा. जर्मन माणूस आजही जेवण झाल्यावर याच कुळातला शब्द वापरून पोट भरल्याचं सांगतो. लॅटिनमधला पुरेसं या अर्थाचा शब्द आणि त्यावरून आलेलं सॅटिस्फॅक्शन हीदेखील त्याचीच भावंडं. पुढे अर्थ सरकत गेला. पोट तुडुंब भरलं की अंग जड होतं, जड झालेलं सहसा हलत नाही, आणि जो हलत नाही तो स्थिर, गंभीर, भरवशाचा. चौदाव्या शतकात चॉसरने नवऱ्याच्या क्रूर परीक्षांना सामोरी जाणाऱ्या ग्रिसेल्डाच्या मनाचा ठामपणा सांगितला तो याच शब्दाने, आणि कौतुकाने. भरीव लोखंडाच्या जड इस्त्रीला इंग्रजीत ‘सॅड आयर्न’ म्हणत. गडद, न चमकणारे रंगही ‘सॅड’ असत. हळूहळू बाकीचे सगळे अर्थ झडले आणि मन जड होणं तेवढं उरलं.

शब्दकोशातली गंमत म्हणून हे सोडून देता येत नाही. दुःखाला नाव देताना माणसं नकळत एका फार जुन्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसतात: हे येतं कुठून? शरीरातून, मनातून, नशिबातून, की दुसऱ्या माणसाकडून? ज्याचं जे उत्तर, त्याप्रमाणे त्याचा इलाज ठरतो. उत्तर चुकलं की इलाज दुसऱ्याच जागी होतो आणि दुखणं तसंच राहतं.

जुन्या इंग्रजांच्या शब्दातलं उत्तर असं, की अति झाल्यातून. या उत्तराचा सगळ्यात प्रसिद्ध साक्षीदार मात्र वाराणसीत भेटतो. विनयपिटकाच्या महावग्गात यश नावाच्या श्रेष्ठीपुत्राची कथा आहे. तीन ऋतूंसाठी तीन वाडे, गाणंबजावणं, कशालाच तोटा नाही. एका रात्री त्याला जाग येते. दिवा जळतोय, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायका वाद्यं कुशीत घेऊन वेड्यावाकड्या झोपल्यात, कुणाचे केस सुटलेत, कुणी झोपेत बरळतंय. त्याला एकाएकी सगळ्याचा उबग येतो. किती हा त्रास, किती हा जाच, असं पुटपुटत तो वाड्याबाहेर पडतो आणि ऋषिपतनाच्या दिशेने चालू लागतो. तिथे पहाटे फेऱ्या घालणारे बुद्ध त्याला म्हणतात, इथे त्रास नाही, जाच नाही, ये, बस. यश भिक्षू झाला, त्याच्या मागोमाग त्याचे चोपन्न मित्रही आले. राजपुत्र सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं जे चित्र आपल्या मनात असतं, झोपलेल्या स्त्रिया, रात्र, पलायन, ते या यशाच्या कथेवरून पुढे रंगवलं गेलं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

भरल्या घरातली ही उदासी खरी आहे. तिला श्रीमंतांचे चोचले म्हणून उडवून लावणं सोपं असतं, पण अन्यायाचं होईल. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: यशाच्या वाड्यात पखवाज कुशीत घेऊन झोपलेल्या बायकांना काय वाटत होतं, हे कथा सांगत नाही.

ग्रीकांनी दुःखाचं मूळ पोटापासून फार लांब नेलं नाही, पण भूक-तृप्तीतून काढून ते पित्तात नेलं. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांच्या मते शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस असतात. काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो. ‘मेलन्कली’ या शब्दाचा अर्थच मुळी काळं पित्त. आयुर्वेदातल्या वात-पित्त-कफाशी परिचय असलेल्या मराठी माणसाला हे अजिबात परकं वाटणार नाही. १६२१मध्ये रॉबर्ट बर्टन या इंग्रज पाद्र्याने या एका विषयावर अवाढव्य ग्रंथ लिहिला आणि मरेपर्यंत तो त्यात भर घालत राहिला. काळं पित्त असं काही नसतं, हे पुढे कळलं. पण दुःख हा शरीराचाही मामला असू शकतो ही त्या वैद्यांची पकड चुकीची नव्हती, आणि ज्याला औषधाची गरज आहे त्याला देवळात पाठवू नये एवढं शहाणपण त्यात होतं.

इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती संन्याशांचं निदान तिसरंच. चौथ्या शतकात इव्हॅग्रियस नावाच्या तपस्व्याने भर दुपारी अंगावर येणाऱ्या एका सैतानाचं वर्णन करून ठेवलंय. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू पुन्हा पुन्हा खिडकीतून डोकावून ऊन कुठवर आलं ते बघतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. मग त्याला ती कोठडी नकोशी होते, सोबतच्या माणसांत माया उरली नाही असं वाटतं, आणि दूर राहिलेलं घर आठवायला लागतं. शहापूरच्या त्या आजीला हे ऐकवलं तर ती फार डोकं खाजवणार नाही. करमत नाही म्हणजे हेच की. पण आजी ते सहज सांगून टाकते, आणि चर्चच्या धर्मशास्त्राने त्याचं पाप करून टाकलं. सहाव्या शतकात पोप ग्रेगरीने महापापांची जी यादी केली तिच्यात खेद होता. पुढच्या काळात त्याच जागी आळस येऊन बसला. दुःखी माणसाला वर अपराधीही वाटायला लावणारी ही मांडणी धर्माच्या इतिहासातल्या दुर्दैवी मांडण्यांपैकी एक म्हणावी लागेल. संत पॉलने मात्र त्याआधीच दोन दुःखांत फरक केला होता: एक पश्चात्तापाकडे नेणारं, एक मरणाकडे नेणारं.

आपल्याकडे उदास या शब्दाचं नशीब सॅडसारखंच. संस्कृतातला उदासीन म्हणजे बाजूला, वर बसलेला, कुणाच्याही बाजूने न ओढला जाणारा. गीतेने भक्ताच्या लक्षणांत हा शब्द गौरवाने घातला. रामदासांकडे उदास असणं हा विरक्ताचा गुण. तुकोबांनी चोख व्यवहाराने मिळवलेलं धन उदास विचाराने खर्च करायला सांगितलं, तेव्हा रडत-कुढत खर्च करा असं त्यांना म्हणायचं नव्हतं. सगळ्यात असून न गुंतणं, ही एके काळी उदासी होती. विषादाचंही तसंच. ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये नेवाशाला जिच्यावर भाष्य केलं त्या गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग म्हणून ओळखला जातो. हातपाय गळालेल्या माणसाच्या अवस्थेला योग म्हणणं ही धाडसाची गोष्ट आहे. दुःख हे दार आहे, त्यातून आत गेल्याशिवाय पुढची वाट नाही, असं इथलं उत्तर.

तुकोबांनी ते जगून दाखवलं. १६३०च्या सुमारच्या भयंकर दुष्काळात दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न-अन्न करत गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी देवाला जे सांगितलं त्याचा आशय असा की बरं झालं, या आपत्तींमुळे मला तू भेटलास. हे वाचताना अंगावर काटा येतो. ते त्यांनी स्वतःच्या घराबद्दल म्हटलंय, म्हणून त्याला किंमत आहे. दुष्काळात बायको गमावलेल्या दुसऱ्या कुणाला शेजाऱ्याने तेच वाक्य ऐकवलं, तर तो क्रूरपणा होईल.

या दोन बोलण्यांतलं अंतर ओळखणारा एक संप्रदाय भंडाऱ्याच्या अगदी जवळचा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी एकटे फिरत भंडाऱ्याला आले होते. तिथे त्यांना नीळभट्ट भेटला; घरदार सोडून तो त्यांच्या मागे निघाला. महानुभाव परंपरा त्याला भांडारेकार याच नावाने ओळखते आणि स्वामींच्या पहिल्या शिष्यांत गणते. १२७४च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले तेव्हा मागे राहिलेल्या मंडळींवर आभाळ कोसळलं. महानुभावांच्या भाषेत देव जवळ असणं म्हणजे सन्निधान, देव दुरावणं म्हणजे असन्निधान. असन्निधानात काय करायचं, याचं त्यांचं उत्तर फार वेगळं होतं. दुःख विसरायचं नाही. ते दाबायचं नाही, त्यातून तत्त्वज्ञानाची पळवाटही काढायची नाही. स्मरण करायचं. त्या मंडळींतले नागदेवाचार्य रिद्धपुरात एकांतात बसून स्वामींच्या लीला आठवत. तुम्ही एवढं काय चिंतन करता, असं त्यांच्यातल्याच म्हाइंभटांनी विचारलं, आणि त्यातून त्या आठवणी गोळा करायचं काम सुरू झालं. म्हाइंभट गावोगाव हिंडले, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून मिळवत गेले. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेल्या वेगवेगळ्या आठवणीदेखील पुढच्या ग्रंथपरंपरेत ‘शोध’ म्हणून जपल्या गेल्या. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, असा विरहातून उभा राहिला. स्वामी दात कसे घासत, कुणाच्या ओसरीवर बसले, कुणाला काय म्हणाले, हे असले तपशील कुणाला हवे असतात? ज्याचं माणूस गेलंय त्यालाच. तेराव्याच्या जेवणानंतर नातेवाईक बसतात आणि गेलेल्या माणसाच्या बारीकसारीक लकबी एकमेकांना सांगतात, तेव्हा तेच चालू असतं.

‘दुःख’ या शब्दाच्या पोटात काय आहे याबद्दल पंडितांचं एकमत नाही. एक प्रसिद्ध व्युत्पत्ती चाकापाशी नेते. ‘ख’ म्हणजे भोक, चाकाच्या तुंब्याचं, ज्यात आस बसतो. ऋग्वेदात ‘सुख’ हे चांगल्या रथाचं विशेषण म्हणून येतं: ज्याचा आस नीट बसलाय, जो सुरळीत धावतो तो रथ. मग ‘दुःख’ म्हणजे तुंब्यात नीट न बसलेला आस, पावलोपावली धक्के. विदर्भातल्या बंडीत बसून शेतावर गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. या व्युत्पत्तीवर भरवसा ठेवला तर तिच्यातून एक मोठी गोष्ट निघते: बिघाड चाकात आहे, म्हणजे तो दुरुस्त होऊ शकतो.

भंडारा जिल्ह्यात दुःखाच्या या प्रश्नावर दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच विचार चालला होता, त्याचा पुरावा पवनीला वैनगंगेच्या काठी मिळाला. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीच्या पोटात भव्य विटांचा स्तूप निघाला. टेकडीला हे नाव तिच्यावरच्या जगन्नाथाच्या देवळामुळे. खाली बुद्धाचा स्तूप आहे हे गावाच्या स्मरणातून गेलेलं होतं. कोरीव खांब, दात्यांची नावं, बौद्ध ग्रंथांचे पाच निकाय जाणणाऱ्याचा उल्लेख असं बरंच काही हाती लागलं. एका खांबावर अनेक फण्यांचा मुचलिंद नाग आहे, शेजारी त्याचं नावही कोरलंय. संबोधीनंतरच्या आठवड्यांत अवेळी पाऊस आला तेव्हा बुद्धाभोवती वेटोळं घालून ज्याने त्यांना जपलं तो हा नागराज. पाली परंपरेत त्या प्रसंगी बुद्धाने काढलेले उद्गार एकांतातल्या सुखाबद्दलचे आहेत. पवनीच्या एका दानलेखात हे दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, अशीच इच्छा व्यक्त झालेली आहे. सर्व दुःखमय आहे असं शिकवणारा धर्म म्हणून ज्याची जगभर ओळख, त्याच्या अनुयायांनी वैनगंगेकाठी दगडावर कोरायला सुख निवडलं. यावरून फार मोठा सिद्धांत उभा करता येणार नाही, पण विचार करायला लावणारी ही गोष्ट खरीच.

ज्या माणसाने दुःखाचा हा विचार विसाव्या शतकात सर्वांत निर्भीडपणे केला तो भंडाऱ्यात मतं मागायला आला होता. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्याच वर्षी ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, शहापूरपासून साठ किलोमीटरच्या आत असलेल्या नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी थेट विचारलं: चार आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणुकीत होती की भिक्षूंनी मागाहून घातली? जन्म दुःख, जगणं दुःख, मरण दुःख असं म्हणणारा धर्म माणसाला आशा ठेवू देत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही पारंपरिक कथाही त्यांना पटली नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत या गोष्टी त्याने पाहिल्याच नसतील, हे कसं शक्य आहे? त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणामुळे. तो युद्धाला विरोध करतो, शाक्यांच्या संघात एकटा पडतो आणि परिव्रज्या पत्करतो.

बदल केवळ कथेतला नाही. यशाला वाड्यातल्या भरलेपणाने बाहेर काढलं. आंबेडकरांच्या सिद्धार्थाला माणसामाणसांतल्या संघर्षाने. दुःखाचा उगम शरीरातून, मनातून उचलून त्यांनी समाजात आणून ठेवला. नोव्हेंबर १९५६मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना त्यांनी बुद्धाच्या दुःखाचा अर्थ शोषणाशी, दारिद्र्याशी जोडला. परंपरावादी बौद्ध अभ्यासकांनी यावर टीका केली, अजूनही करतात, आणि ग्रंथांच्या काटेकोर वाचनाच्या दृष्टीने त्यांचे काही मुद्दे बिनतोड आहेत. पण गावाबाहेरच्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या ज्यांना पाणवठ्यावर हात लावू दिला नाही, त्यांना जीवन हेच दुःख आहे असं सांगणं म्हणजे पाणी अडवणाऱ्याला सोडून देणं होतं. आंबेडकरांनी त्याला सोडलं नाही, आणि याबाबतीत ते बरोबर होते.

भंडाऱ्यातच अलीकडे घडलेल्या घटना त्यांच्या प्रश्नाला धार लावतात. ९ जानेवारी २०२१च्या पहाटेआधी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बाळं आत होती. सात वाचली, दहा गेली. २४ जानेवारी २०२५ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार मरण पावले. अशा वेळी घराघरांत एक वाक्य म्हटलं जातं, त्याची तेवढीच लिहिली होती. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पोळलेल्या जिवाला काहीतरी म्हणायला हवं म्हणून ते म्हटलं जातं. पण कक्षातली वायरिंग, धूर ओळखणारी यंत्रणा, रात्रपाळीला असणारी माणसं, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. ते निविदेत, नोंदवहीत, आदेशात लिहिलेलं असतं, आणि तिथे वाचता येतं.

मग मूल गेलेल्या बाईला काय सांगायचं? किसा गोतमीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मेलेलं बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत दारोदार फिरते. बुद्ध तिला मोहरीचे दाणे आणायला सांगतात, मात्र ज्या घरात कुणीही मेलेलं नाही अशाच घरचे. ती दार वाजवते, दाणे प्रत्येक घरी असतात, अट कुठेच पुरी होत नाही. संध्याकाळपर्यंत तिला कळायचं ते कळतं. धम्मपदाच्या अट्ठकथेतली ही कथा जगातल्या सर्वांत हळुवार कथांपैकी एक आहे. पण ती आगीत गेलेल्या दहा बाळांच्या आयांना जशीच्या तशी सांगता येत नाही. गोतमीच्या बाळाच्या मरणाला जबाबदार कुणी नव्हतं, म्हणून मोहरीचा दाणा तिथे पुरतो. जिथे जबाबदार कुणीतरी आहे तिथे दार वाजवायचं ते वेगळं असतं.

आर्यसत्यांवर एवढी कठोर शंका घेणाऱ्या आंबेडकरांनी गोतमीची ही कथा मात्र गाळली नाही. ती त्यांच्या ग्रंथाच्या शेवटच्या, आठव्या खंडात आहे, नात गेल्याने खचलेल्या विशाखेच्या सांत्वनाला लागून, बुद्ध माणूस म्हणून कसे होते हे सांगणाऱ्या भागात. धम्म कशाला म्हणावं, अधम्म कशाला, दुःखाला कारण काय आणि ते दूर कसं करायचं, ही चर्चा त्याच्या कितीतरी आधीच्या खंडांत होऊन गेलेली असते. मोहरीच्या दाण्याला त्यांनी तिथे जागा दिलेली नाही.